दुबईचा व्हिसा आला, पण कामाचा परवाना कुठे आहे? गावातून निघणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

मागच्या दिवाळीत गावी आलो तेव्हा पारावर चार पोट्टे माझीच वाट पाहत बसले होते. चौघांच्याही मोबाईलमध्ये एकेक पीडीएफ. ‘भाऊ, पाय बरं, हा व्हिसा खरा हाय का खोटा?’

चारही खरे होते. पण त्यातले तीन पर्यटकाचे होते, साठ दिवसांचे. एजंटनं सांगितलं होतं, ‘तिकडं गेल्यावर कंपनी बदलून देते.’ एकाच्या घरच्यांनी त्यासाठी तूर निघायच्या आधीच व्यापाऱ्याकडून उचल घेतली होती.

मी स्वतः पहिल्यांदा असाच गेलो होतो. आयटीआय इलेक्ट्रिशियन, गाव यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला, घरी पाच एकर कोरडवाहू. तालुक्याच्या गावातल्या एका एजंटला नव्वद हजार मोजले आणि शारजात दीड महिना एका खोलीत नऊ जणांसोबत राहून परत आलो. दुसऱ्यांदा नीट कागदाने गेलो, तो अजून तिथेच आहे. खाली लिहिलंय ते संयुक्त अरब अमिरातीपुरतं, म्हणजे दुबई, शारजा, अबुधाबी वगैरे. सौदी, कतार, कुवेतचे नियम वेगळे. घरकामाला जाणाऱ्यांना तिथे वेगळा कायदा आहे आणि फ्री झोनमधल्या, म्हणजे वेगळे नियम असलेल्या उद्योग-वसाहतींतल्या, कंपन्यांचे परवाने त्या-त्या झोनच्या कार्यालयातून निघतात, हेही ध्यानात ठेवा.

१. आधी हे समजून घ्या: राहण्याचा कागद वेगळा, कामाचा वेगळा

आपल्याकडे सालदार पाडव्याला लागतो आणि पाडव्याला सुटतो. गावात राहायला त्याला कोणाची ना नाही, पण काम तो ज्याच्याकडे लागला त्याच्याच वावरात करतो. तिथेही साधारण तसंच आहे, फक्त तिथे राहायलाही कागद लागतो. राहण्याचा कागद म्हणजे रेसिडेन्स व्हिसा. तो दुबईत जीडीआरएफए हे खातं देतं, बाकीच्या अमिरातींत आयसीपी. कामाचा कागद म्हणजे वर्क परमिट, जुने लोक लेबर कार्ड म्हणतात. तो देतं मनुष्यबळ मंत्रालय, त्याला सगळे ‘मोहरे’ म्हणतात. खाजगी नोकरीत दोन्ही साधारण दोन वर्षांचे असतात.

एक हातात आहे आणि दुसरा नाही, अशा अवस्थेत काम केलंत तर ते बेकायदा. परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला २०२४ च्या दुरुस्तीनंतर एक लाख ते दहा लाख दिरहॅम दंड आहे. म्हणून तपासणीची गाडी आली की मालक आधी हात वर करतो: ‘हा माणूस माझा नाही.’ शारजात आमच्या वर्कशॉपवर हेच झालं. मागच्या दाराने पळालो तेव्हा पायात एकच चप्पल होती.

२. पासपोर्ट: नाव आणि ईसीआरचा शिक्का

पासपोर्टसाठी विदर्भातल्यांचं मुख्य कार्यालय नागपूर. बऱ्याच जिल्ह्यांत हेड पोस्टातही पासपोर्टचं काम होतं, अर्ज करताना जवळचं केंद्र दिसतं. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टला १,५०० रुपये लागतात. त्याहून जास्त कोणी मागितले तर ते त्याचे स्वतःचे आहेत.

अडचण पैशांची नसते, नावाची असते. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, मतदार यादीत तिसरं. आणि अर्ज भरताना सेतूवाला पूर्ण नाव एकाच रकान्यात कोंबतो, आडनावाचा रकाना कोरा. २०२२ च्या नोव्हेंबरपासून यूएईने एकच शब्द नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक आणि व्हिजिट व्हिसा अडवायला सुरुवात केली. नोकरीच्या व्हिसालाही एकशब्दी नाव त्रासच देतं. आडनाव आडनावाच्या रकान्यात, तुमचं आणि वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात. अर्ज सबमिट करण्याआधी स्क्रीन स्वतः वाचा. सेतूवाल्याच्या मागे उभं राहून वाचायला लाज कसली?

आता ईसीआर. दहावी पास नसाल तर पासपोर्टवर ईसीआर असा शेरा येतो. असा पासपोर्ट असलेल्या माणसाला यूएई धरून १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी घ्यावी लागते. १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे, त्याखाली. ती ई-मायग्रेट पोर्टलवरून मिळते. दहावी पास असून शेरा आला असेल तर दहावीची सनद जोडून पासपोर्ट नव्याने काढता येतो. आमच्याकडे कितीतरी जण दहावी पास आहेत, पण अर्जासोबत सनद लावलीच नाही, म्हणून शेरा घेऊन फिरतात.

ईसीआर म्हणजे बदनामी नाही. उलट त्या वाटेने गेलात तर प्रवासी भारतीय विमा काढावाच लागतो. दोन वर्षांना २७५ रुपये अधिक कर, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचं संरक्षण. व्हिजिटवर गेलेल्याची नोंदच कुठे नसते, मग विमा कुठला?

३. एजंट: परवाना क्रमांक विचारा, मग चहा प्या

भारतातून नोकरीला माणसं पाठवायला एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी ई-मायग्रेटवर खुली आहे. त्याला तुमच्याकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतो आणि पावती द्यावी लागते.

गावात येतो तो बहुतेक वेळा एजंट नसतोच. तो एजंटच्या माणसाचा साळा असतो. अशा सब-एजंटला कायद्यात जागा नाही. गाडीवर बसवून आणलेला तो माणूस गोड बोलतो, आईला ‘माय’ म्हणतो, आणि फोन बंद झाला की त्याचं आडनावसुद्धा कोणाला माहीत नसतं. आमच्या एजंटची पाटी होती, टेबल होतं, भिंतीवर बुर्ज खलिफाचा फोटो होता. परवाना नव्हता.

आणि यूएईचा स्वतःचा कायदा सांगतो की भरतीचा, परवान्याचा, व्हिसाचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून वसूल करायचा नाही. ‘व्हिसाचे एक लाख’ असं कोणी म्हणालं की तिथेच उठा.

४. ऑफर लेटर: मूळ पगाराचा आकडा शोधा

खऱ्या नोकरीत सर्वांत आधी मोहरेच्या नमुन्यातलं ऑफर लेटर येतं. त्यावर तुमची सही झाल्याशिवाय परवान्याचा अर्ज पुढे सरकत नाही. ते अरबी आणि इंग्रजीसोबत हिंदीतही मिळतं. मराठीत मिळत नाही, पण हिंदी आपल्याला पुरते. मागून घ्या. नंतर होणारा करार या ऑफरशी जुळला पाहिजे.

वाचताना पोरं फक्त एकूण पगार पाहतात. तुम्ही मूळ पगार, म्हणजे बेसिक, पाहा. ओव्हरटाईम आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मिळणारी रक्कम, दोन्ही बेसिकवर निघतात. समजा दोन कंपन्या १,८०० दिरहॅम देतात. एकीचा बेसिक १,००० आहे, दुसरीचा ६००. पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो. दोन वर्षांनी पहिल्या कंपनीतून १,४०० दिरहॅम येतील, दुसरीतून ८४०. ओव्हरटाईमला बेसिकच्या तासाच्या दरावर किमान २५ टक्के जास्त, तिथेही हाच फरक.

कामाचं नावही पाहा. इलेक्ट्रिशियन म्हणून बोलणं झालं आणि कागदावर हेल्पर असेल तर तुम्ही हेल्परच. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त नसतं. कामाचे तास दिवसाला आठ, आठवड्याला ४८.

५. निघण्याआधीची पिशवी

आमच्याकडे रेशनकार्ड ज्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात तशी एक घ्या. त्यात ठेवायचं:

- पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला, आणि त्याच्या चार झेरॉक्स
- पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, दहा-बारा
- सही केलेलं ऑफर लेटर आणि एंट्री परमिट (नोकरीसाठी देशात शिरायचा कागद), दोन्हींची छापील प्रत
- आयटीआय आणि दहावीच्या सनदा. पदाला शिक्षणाची अट असेल तर त्या साक्षांकित लागतात: आधी महाराष्ट्र शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास. यूएईला नुसतं अपोस्टिल (बऱ्याच देशांत चालणारा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का) चालत नाही.
- ईसीआर असेल तर परवानगी आणि विम्याचा कागद
- एजंटला दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती

या सगळ्याचे फोटो काढून घरी बहिणीच्या किंवा भावाच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. आणि जाण्याआधी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढून घ्या. तिथे पोचल्यावर रक्ताची तपासणी आणि छातीचा एक्स-रे होतोच. लहानपणी टीबी होऊन गेलेल्यांच्या फुप्फुसावर डाग राहतो. ते इथे कळलेलं बरं.

६. उतरल्यावरचे साठ दिवस

नोकरीच्या एंट्री परमिटवर देशात आलात की साठ दिवसांत बाकीचं पूर्ण व्हायला हवं: मेडिकल, आरोग्य विमा, एमिरेट्स आयडीसाठी, म्हणजे तिथल्या ओळखपत्रासाठी, बोटांचे ठसे, मग रेसिडेन्स. ही धावपळ कंपनीचा पीआरओ करतो, साईटवर त्याला मंदूब म्हणतात. कागद टायपिंग सेंटरात भरले जातात. आपल्याकडचं सेतू समजा, फक्त एसी असतो.

ठशांचं मी खास सांगतो, कारण ते कुठे लिहिलेलं नसतं. माझी पाळी आली तेव्हा मशीनवर उजव्या हाताची चार बोटं ठेवली. लाल. पुन्हा ठेवली, लाल. मागचा एक हंगाम मी कापूस वेचला होता, बोंडाच्या टोकांनी बोटांच्या शेंड्यांवर बारीक चिरा पडलेल्या, त्यात सिमेंटचं काम. काऊंटरवरच्या बाईने ओला टिश्यू दिला, बोटं दाबून धरायला लावली, तरी अंगठा काही उमटेना. शेवटी आठ दिवसांनी परत बोलावलं. ते आठ दिवस रोज रात्री खोबरेल लावून झोपलो. तुम्ही गावातूनच सुरू करा. निघायच्या आधी पंधरा दिवस हाताला तेल, आणि पऱ्हाटी उपटायला दुसऱ्या कोणाला सांगा.

२०२२ पासून पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर लागत नाही. एमिरेट्स आयडी हाच तुमचा राहण्याचा पुरावा. ‘पासपोर्टवर काहीच नाही’ म्हणून घाबरू नका, पण आयडी खिशात नसेल तर घाबरा.

पासपोर्ट कंपनीने कामापुरता घेतला तर काम झाल्यावर परत मागा. कामगाराची कागदपत्रं अडकवून ठेवायला तिथला कायदा मनाई करतो. ‘सेफमध्ये आहे’ हे उत्तर नाही.

अजून एक खर्च जो कोणी सांगत नाही: नोकरी गेल्याचा विमा. २०२३ पासून सक्तीचा. १६,००० पर्यंत बेसिक असलेल्याला महिन्याला ५ दिरहॅम, आणि तो आपल्याला आपला भरायचा असतो. नाही काढला तर ४०० दिरहॅम दंड, आणि तो भरेपर्यंत नवीन परवाना अडतो. सलग बारा महिने भरला आणि कंपनीने काढून टाकलं तर बेसिकच्या ६० टक्के, तीन महिन्यांपर्यंत. पाच दिरहॅमचा चहा तर रोजच होतो.

७. मुदतवाढ: तारीख तुमची, मंदूबची नाही

दोन वर्षं भुर्रकन जातात. मुदतवाढीत जवळजवळ सगळं परत होतं: मेडिकल, विमा, आयडी, करार. खर्च कंपनीचाच. पण आठवण ठेवायचं काम तुमचं. चारशे माणसांच्या कंपनीत दोन पीआरओ असतात, त्यांना तुमची तारीख कशी आठवणार?

मी खोलीतल्या कॅलेंडरवर चार तारखा लाल पेनाने लिहितो: आयडी संपण्याची, लेबर कार्ड संपण्याची, आरोग्य विम्याची, पासपोर्टची. संपण्याच्या दोन महिने आधी ऑफिसला व्हॉट्सॲप करतो. बोलून नाही, लिहून. नंतर ‘तू सांगितलंच नाही’ म्हणायला जागा राहत नाही.

आयडी संपल्यावर नूतनीकरणाला ३० दिवसांची मोकळीक आहे. त्यानंतर दिवसाला २० दिरहॅम, जास्तीत जास्त १,००० पर्यंत. मुदतीबाहेर देशात राहिलात तर तो दंड वेगळा, दिवसाला ५० दिरहॅम. पर्यटकालाही तेवढाच. तीन महिने दुर्लक्ष केलं तर साडेचार हजार दिरहॅम होतात, म्हणजे बऱ्याच जणांचे दोन पगार.

पासपोर्ट संपत आला असेल तर व्हिसाचं काम अडकतं, म्हणून पासपोर्ट आधी. तिथून नवा काढताना पोलीस पडताळणी गावच्या पत्त्यावर येऊ शकते. माझ्या वेळी जमादार आला तेव्हा घराला कुलूप, आई-बाबा वावरात. ‘पत्त्यावर आढळले नाही’ असा शेरा गेला आणि माझे दीड महिने लटकले. अर्ज केल्या दिवशीच घरी फोन करा, पोलीस पाटलाच्या कानावर घाला, शेजाऱ्याला तुमचा नंबर देऊन ठेवा.

८. पेरणीला येऊन वेचणीपर्यंत थांबू नका

सलग १८० दिवसांपेक्षा जास्त यूएईबाहेर राहिलात की साधारणपणे रेसिडेन्स बाद होतो. कागदावर तारीख पुढची असली तरी. आता आपला हंगाम मोजा. १० जूनला पेरणीसाठी आलात, सोयाबीन निघालं, मग ‘पहिला वेचा होऊ दे’ म्हणत १० डिसेंबरला निघालात, तर १८३ दिवस झाले. आमच्या शेजारच्या गावातला एक जण असाच अडकला. बाहेरून परत येण्याच्या परवानगीचा अर्ज करता येतो, पण कारण पटवावं लागतं आणि कंपनीला तुमची गरज असावी लागते. कापूस ओला होता हे कारण तिथे कोणाला कळत नाही.

वर्षाची ३० दिवस पगारी रजा कायद्याने आहे. पेरणी किंवा वेचणी, एकच निवडा.

९. नोकरी सोडायची असेल तर

न सांगता जाऊ नका. सलग सात दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलात तर मालक तुमची तक्रार नोंदवू शकतो, आणि मग नवीन परवाना अडतो. प्रोबेशनमध्ये देश सोडून परतायचं तर १४ दिवसांची नोटीस, तिथेच दुसऱ्या कंपनीत जायचं तर एक महिन्याची. प्रोबेशन संपल्यावर करारात लिहिली असेल ती, ३० ते ९० दिवस. नोटीस लेखी द्या.

व्हिसा कॅन्सल झाला की देश सोडायला किंवा नवा कागद करायला काही दिवस मिळतात. ते सगळ्यांना सारखे नसतात. खोलीतला दोस्त सांगतो ते धरू नका, कॅन्सलेशनच्या कागदावर शेवटची तारीख छापलेली असते ती पाहा.

पगार अडला, पासपोर्ट देत नाहीत, किंवा कागद एक आणि काम दुसरं, तर मोहरेकडे त्यांच्या ॲपवरून किंवा ६००५९०००० या क्रमांकावर तक्रार करता येते. ५०,००० दिरहॅमपर्यंतच्या वादात मोहरे स्वतः निर्णय देतं. आपल्या वकिलातीचं दुबईत भारतीयांसाठी मदत केंद्र आहे, फुकट क्रमांक ८००४६३४२, हिंदीत बोलतात. हे दोन्ही नंबर मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

कॅन्सलेशनच्या वेळी ‘सर्व देणी मिळाली’ अशा कागदावर सही मागतात. नीट कागदाने गेलो त्या माझ्या पहिल्या कंपनीने गेटवर, गाडी सुरू ठेवून, तो कागद पुढे केला. मी म्हटलं, टायपिंग सेंटरात जाऊ. तिथल्या मुलीला आकडा मोठ्याने वाचायला लावला आणि मोबाईलवर बँकेचा मेसेज उघडला. दोन्हींत ३१० दिरहॅमचा फरक होता. सही मी दोन दिवसांनी केली, पैसे आल्यावर.